आवाज कमी

१

जामखेडला खर्डा रोडवर कृपादानचं दुकान कुठे आहे असं विचारलंत, तर माणूस आधी हसेल आणि मग वाट दाखवेल. हसायचं कारण कृपादानची माईक तपासायची तऱ्हा. बाकीचे मेकॅनिक हॅलो हॅलो, वन टू थ्री करतात. हा गडी माईक तोंडाशी धरून सरळ पोरीला हाक मारायचा, ‘‘आरूऽ!’’

पुढे दुकान, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली. त्या मागच्या खोलीत नऊ वर्षांची आराधना अभ्यास करत नाहीतर गात बसलेली असायची. तिथून ‘‘ओ पप्पाऽ!’’ आलं की समजायचं, मशीन पास. नाही आलं तर पुन्हा खोला. गिऱ्हाइकं चिडवायची, ‘‘मीटर इकून टाका आता, पोरगी हाय की!’’ कृपादान लाजायचा, पण तऱ्हा काही सोडायचा नाही. आणि पोरगीही अशी गुणाची, की हातातलं काहीही टाकून पहिल्या हाकेला ओ द्यायची. ती शिस्त तिच्या आईची. मार्था दवाखान्यात नर्स. पेशंटवर दुसरी हाक मारायची वेळ येऊ द्यायची नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं, आणि घरातही तोच कायदा.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी खर्ड्याहून टेम्पो आला. वैजनाथ नावाचा माणूस, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. बरोबर बायको, निकिता. दोघांनी मिळून गिटारचा आवाज वाढवणारा अँप, स्पीकरसकट, उतरवला आणि कृपादानचे डोळे लकाकले. जुना, व्हॉल्वचा अँप! आत काचेचे दिवे, जुन्या रेडिओत असायचे तसले. चालू केलं की हळूहळू तांबूस पेटतात. असलं मशीन हाताखाली येऊन त्याला दहा वर्षं झाली होती.

‘‘काय होतंय याला?’’ त्याने चिठ्ठी आणि पेन पुढे ओढलं.

‘‘आवाज...’’ वैजनाथ म्हणाला आणि बायकोकडे बघून अडखळला. ‘‘आवाज जरा कमी...’’

झालं. कृपादानने ‘आवाज कमी’ असं लिहून चिठ्ठी हँडलला दोऱ्याने बांधलीसुद्धा. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत रोग ओळखायचा, ही त्याची जुनी खोड. मार्था त्यावरून त्याला किती बोलायची!

‘‘आनि चालू असताना लेकरं लांब ठिवा,’’ वैजनाथ म्हणाला.

‘‘अहो, साडेतीनशे व्होल्टचा मामला हा. माझ्या टेबलाला मी मार्थालासुद्धा हात लावू देत नाही.’’

आराधनाने पाणी आणलं. निकिताने तांब्या घेतला, प्यायली, परत दिला. तोंडातून अक्षर नाही. ‘‘काकू, अजून देऊ?’’ असं पोरीने विचारलं, तेव्हा त्या बाईने काय करावं? खाली वाकली आणि आपला तळवा आराधनाच्या तोंडावर ठेवला. हळूच, पण ठेवला. मग टेम्पोत जाऊन बसली. कृपादानला ते जरा विचित्र वाटलं. पण व्हॉल्वचा अँप समोर असताना त्याला फार वेळ दुसरं काही सुचत नसे.

२

बुधवारी, आराधनाच्या शाळेला सुट्टी होती त्या सकाळी, त्याने अँपची पाठ उघडली. दुकानातली गिटार लावली, तार छेडली. आवाज आला, बरा आला, आणि दोन मिनिटांत बसत बसत गेला. समोरचा माणूस बोलता बोलता खोलीबाहेर निघून जावा, तसा.

मग सुरू झाली शोधाशोध. केबल बदलली. खाचा पुसल्या. व्हॉल्यूमचं बटण मागेपुढे फिरवून खरखर काढली. सगळे व्हॉल्व एकेक करून बदलून पाहिले. दोन नवे त्याने जिवापाड जपून ठेवलेले होते, तेही लावले. स्पीकर दुसरा जोडला. कशानेही फरक नाही. माईक लावून ‘‘आरूऽ’’ केलं, तर मागच्या खोलीतून पोरीचं गाणं तसंच चालू. तिला ऐकूच गेलं नव्हतं.

‘‘नापास,’’ तो स्वतःशी म्हणाला आणि बटण बंद केलं. बंद केल्यावरही गिटारची तार चार-सहा सेकंद स्पीकरमधून घुमत राहिली, मग विझली. यात भिण्यासारखं काही नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते; ती संपेपर्यंत व्हॉल्वचं मशीन एकदम मरत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. जुना व्हॉल्व ढिला झाला की स्वतःच माईक होतो, खोलीतला आवाज उचलतो. ते तपासायचं म्हणजे मशीन चालू ठेवून पेन्सिलीने काचेवर हलकेच टकटक करायचं. त्याने दोनदा टकटक केली. स्पीकरमधून आलं, टक, टक. आणि जरा थांबून, टक.

त्याने पेन्सिलीकडे पाहिलं. पुन्हा दोनदा. टक, टक. टक.

‘‘घुमतंय,’’ कृपादान मोठ्याने म्हणाला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मग एवढ्या मोठ्याने कोणाला सांगत होता, देव जाणे.

३

त्याच दुपारची गोष्ट. माईक खणात पडलेला. मशीन चालू, कृपादान वाकून एकेका जागी मीटर लावतोय. तोंड मिटलेलं, कारण दातांत स्क्रू धरलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओट्यावर शेजारच्या दगडाबाई चिंचा फोडत बसलेल्या, त्यांची हातोडी तेवढी वाजत होती.

‘‘ओ पप्पाऽ!’’

मागून आराधना धावत आली. ‘‘काय पप्पा?’’

कृपादानने स्क्रू हातावर काढला. ‘‘काय काय?’’

‘‘हाक मारलीत ना?’’

‘‘मी कुठे मारली? तोंडात स्क्रू होता माझ्या.’’

‘‘मारलीत! आरू म्हणालात. हळू म्हणालात, पण तुमचाच आवाज होता.’’

पोरगी खोटं बोलणारी नव्हती. कृपादानने ओट्याकडे पाहिलं. ‘‘दगडाबाई, तुम्ही ऐकलं का काही?’’

‘‘म्या न्हाई बाबा. कान गेलेत माजे.’’ म्हातारीने चिंच बाजूला ठेवली. ‘‘पर पोरी, इकडं ये. येका हाकंला ओ देऊ ने. आमी तीन हाका हुस्तवर गप ऱ्हातो. मानूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतंय. दुसरं कायी असलं तर दोनवर थांबतंय.’’

‘‘मम्मी म्हणते, पहिल्याच हाकेला ओ द्यायचा,’’ आराधना म्हणाली.

‘‘तुजी मम्मी दवाखान्यात आसती. तितं समदी मान्संच आसत्यात.’’

कृपादान हसला. रविवारी चर्चला जाणारा माणूस तो, असल्या गोष्टी तो कानाआड करायचा. पण पोरगी परत आत गेल्यावर त्याने टेबलावरचं मशीन बंद केलं. आणि ते पुरतं विझेपर्यंत हात पुसत उभा राहिला.

४

संध्याकाळी जेवताना मार्थाने पोरीची हनुवटी धरून वर केली. ‘‘आवाज बसलाय का गं तुझा?’’

‘‘नाही,’’ आराधना म्हणाली. खरंच बसला होता. शब्द नीट येत होते, पण आतून कोणी फुंकर मारून विझवत असल्यासारखे बारीक.

‘‘रविवारी एकटीने गायचंय, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार आहे. सगळं चर्च ऐकायला बसणार, आणि बाईसाहेबांनी चिंचा खाल्ल्या दगडाबाईंकडे.’’

‘‘एकपण नाही खाल्ली!’’

मार्थाने मीठ घालून गुळण्या करायला लावल्या. घशात बॅटरी मारून पाहिलं. लाली नाही, सूज नाही. ‘‘घसा स्वच्छ आहे,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘मग आवाज गेला कुठे?’’ ती सहज म्हणाली. कृपादानने हातातला घास ताटात परत ठेवला.

गुरुवारी सकाळी मार्था ड्युटीला, आराधना शाळेत. घरात तो एकटा. त्याने पुढचं दार लावलं, पंखा बंद केला आणि मशीन चालू केलं. गिटार नाही, माईक नाही, खाचेत काहीच नाही. व्हॉल्व पेटले. व्हॉल्यूमचं बटण त्याने शेवटपर्यंत फिरवलं आणि स्पीकरच्या कापडाला कान लावला.

आधी नुसती गुणगुण. मग खूप खोलवरून, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं, ‘आरू’. त्याचाच आवाज. तोच लांबवलेला ऊकार.

नंतर शांतता. ती शांतता त्याला ओळखीची वाटली. हाक मारून झाल्यावर ओ यायची वाट बघत तो स्वतः असाच थांबायचा.

आणि मग एका बाईचा आवाज. थकलेला, पण आज्ञाधारक. ‘‘ओ... आले.’’

कृपादान इतक्या जोरात मागे सरला की स्टूल आडवं झालं. मग बुद्धी मदतीला धावून आली, ती नेहमीच येते. कुठलं तरी रेडिओ स्टेशन शिरत असेल. कालची त्याची हाक मनात घोळत असेल. बाई? रस्त्यावरून गेली असेल एखादी. दार उघडून पाहिलं तर रस्त्यावर ऊन होतं आणि एक शेळी होती.

भीती वाटली का? वाटली, लई वाटली. पण मेकॅनिकच्या भीतीला एकच उपाय ठाऊक असतो, वस्तू दुरुस्त करून घराबाहेर काढायची. आज संध्याकाळच्या आत हे धूड खर्ड्याला परत, असं त्याने ठरवलं.

दुपारी आराधना आली तेव्हा त्याने तिला समोर बसवलं. ‘‘आज मी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायचा नाही. मला बोलवायचं असलं तर मी समोर येऊन हात धरीन. कळलं?’’

‘‘का?’’ आवाज कालच्यापेक्षा बारीक होता.

‘‘टेस्टिंग आहे.’’

तिने खेळ समजून दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मान डोलवली. त्याने तिला उगाचच जवळ ओढलं, केसांवर हात फिरवला आणि आत पाठवलं.

५

दोष सापडला तेव्हा साडेतीन वाजले होते. व्हॉल्यूमच्या बटणाच्या मागे, तारांच्या गुंत्याखाली, एक जास्तीचा रेझिस्टन्स कोणीतरी जोडलेला. मूळ मशीनचा तो नव्हता. बटण कितीही फिरवा, आवाज तिथेच दाबला जाणार. सोल्डर ओबडधोबड, पण चारचार थर दिलेले, परत निघूच नये म्हणून.

‘‘कोण शहाणा हा!’’ कृपादानला इतकं हायसं वाटलं की तो हसला. एवढंच होतं तर! दोन दिवस एका दमडीच्या तुकड्याने त्याला भुतं दाखवली. कटर घेतला आणि तुकडा छाटून टाकला.

बटण निम्म्यावर ठेवून गिटार छेडली, तर कपाटाच्या काचा थरथरल्या. काय आवाज तो! भरदार, गोल, खोली भरून उरणारा. त्याने आनंदाने वैजनाथला फोन लावला.

‘‘झाला बरं का तुमचा अँप.’’

‘‘झाला?’’ पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. ‘‘लई उपकार झाले. कितपत कमी झाला?’’

‘‘कमी? वाढला की! कोणीतरी आत रेझिस्टन्स ठोकला होता, तो काढून टाकला. आता टकाटक.’’

वैजनाथ घाईघाईने बोलायला लागला. ‘‘सर, त्यो मीच बसवला हुता. रेझिस्टन ढिला पडला, आवाज मदीच वर यायला लागला, म्हनून तुमच्याकडं आनला. आवाज अजून कमी करून द्या, आसं म्हननार हुतो मी.’’

कृपादानची नजर हँडलवरच्या चिठ्ठीवर गेली. त्याच्याच अक्षरात, ‘आवाज कमी’.

‘‘मग टाकून का नाही देत असलं मशीन?’’

‘‘कसं टाकू? आमची निकिता त्याच्यावरच बोलती हो.’’ तो रडत होता. ‘‘रोज येवडंसं चालू करतो आनि कान लावतो. ती बोलती, मी ऐकतो. सर, खरं सांगा. त्याच्या हाकंला कुनी ओ तर दिला न्हाई ना?’’

कृपादानने फोन टेबलावर ठेवला. काल दुपारी. एकदा. पहिल्याच हाकेला.

६

त्याने बटण दाबायचा वेळसुद्धा घेतला नाही, भिंतीतून पीन उपसली. पण व्हॉल्व तांबूसच होते, आणि स्पीकर जिवंत होता.

‘‘आरूऽ!’’

दुकान दणाणलं. त्याचाच आवाज, त्याच्याहून मोठा, त्याच्याहून मायेचा. कृपादान श्वास रोखून मागच्या खोलीकडे बघत राहिला. ओ देऊ नकोस, बाळा. देऊ नकोस.

आतून काहीच आलं नाही. शहाणी माझी पोर, त्याला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघराच्या दारात आराधना येऊन उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर दाबलेले, डोळे मिश्किल. तिने हात काढले. ओठ हलले.

‘‘पप्पा, मी नाही दिला ओ. बघितलं?’’

शब्द न् शब्द स्पष्ट आला. कृपादानच्या पाठीमागून आला.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. तिलाही ते जाणवलं असावं. ती थांबली, घशाला हात लावला, पुन्हा बोलली. ‘‘पप्पा? मला ऐकू...’’ मागून. स्पीकरमधून. आणि प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा फिका. कृपादानने वळून पाहिलं. व्हॉल्वमधला तांबूस उजेड विझत चालला होता, त्याच्याबरोबर पोरीचा आवाज.

काय करील बाप? पीन त्याने परत भिंतीत खुपसली. घाईत ती दोनदा हुकली. उजेड चढला. ‘‘पप्पा, पप्पा, पप्पा,’’ मशीन रडायला लागलं, आणि दारात ती ओठ हलवत, आवाजाविना, त्याच्याकडे झेपावली. त्याने एका हाताने तिला पोटाशी धरलं. दुसरा हात व्हॉल्यूमच्या बटणावर.

बाहेर स्कूटी थांबली. मार्था लवकर सुटली होती. फाटकाची कडी वाजली.

पोरीच्या रडण्याच्या आड, मशीनने जरा दम खाल्ला. मग त्याच्या आवाजात, घरी आलेल्या बायकोला नवरा मारतो तशी साधी हाक आली, ‘‘मार्थाऽ!’’

कृपादानने ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडणार? थांब म्हणून हाक मारली, तर तिच्या कानाला दोन्ही हाका सारख्याच. आता त्याला कळलं, वैजनाथला आवाज नेमका किती कमी हवा होता. आतलं माणूस कान लावून ऐकू यावं एवढा, आणि बाहेरच्याला हाक ऐकू जाऊ नये एवढा.

त्याने बटण मागे फिरवलं. पोरीचा आवाज बारीक झाला. अजून फिरवलं. ‘पप्पा’ आता नुसता श्वास उरला होता. त्याखाली फिरवायला त्याची बोटं धजेनात.

चपला ओट्यावर आल्या, थबकल्या.

‘‘ओ... आले, आले,’’ मार्था म्हणाली.

ते दारातून ऐकू आलं की मशीनमधून, हे बघायला नुसती मान वळवायची होती. कृपादान पोरीला घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.